ईशान्येचा उतार

"तुला भाईरची वाट म्हाईत न्हाई व्हय गं भवाने? रोज उठून देवाच्याच पायाशी का मरायला येतीस?"

आवाज कॉटखालून आला. चुलीवर चहाचं आधण ठेवणाऱ्या आरतीनं मान वळवली नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिची सकाळ याच बोलण्यानं उजाडत होती. सासूबाई पाण्याला शिव्या देत होत्या.

ठकूबाई निम्मी कॉटखाली होती. दोन्ही गुडघे फरशीवर टेकलेले, डावा हात धान्याच्या कोठीला धरलेला आणि उजव्या हातात पोतेरं. मोरीत कुणी तोंड धुतलं, कळशी विसळली, तांदूळ धुतले, की पाणी मोरीचा उंबरा ओलांडून निघायचं, ते आख्खं घर चालून कॉटखाली शिरायचं, कोठीच्या बुडाला वळसा घालायचं आणि देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. तिथून त्याला बाहेर जायला वाट नव्हती. मग ठकूबाईनं सकाळ-संध्याकाळ गुडघ्यावर रांगत जायचं, पोतेऱ्यानं ते टिपायचं आणि बादलीत पिळायचं. वेळेवर टिपलं नाही तर कोठीतल्या बाजरीला वास मारायचा.

घराचा एक नेम होता. पाण्याला बोलावं, पोतेऱ्याला बोलावं, मोरीच्या बारक्या भोकाला बोलावं, लई रागच आला तर सरकारलाही बोलावं. फरशीला मात्र बोलायचं नाही. कारण ती फरशी ठकूबाईच्या नवऱ्यानं, सावळारामनं, स्वतः बसवली होती.

अवसरीतल्या त्यांच्या आळीत तेव्हा बऱ्याच घरांत सारवणाची जमीन जाऊन शहाबादी फरशी येत होती. लेकाच्या, हौशीरामच्या लग्नाआधी आपल्याही घरात ती यावी असं सावळारामच्या मनात होतं. काम त्याच्या चुलतभावाला, चिमाजी गवंड्याला दिलेलं. सिमेंट आणायला सावळाराम मंचरला घेवरचंद शेठच्या दुकानात गेला. शेठच्या गल्ल्यावर वास्तूचं पुस्तक होतं. शेठ म्हणाले, "सावळाराम, उतार ईशान्येला ठेव. घरात बरकत ऱ्हाते." सावळाराम सिमेंटच्या गोण्यांबरोबर ईशान्यही घेऊन घरी आला.

"दादा, मोरी त्या अंगाला आन् उतार ह्या अंगाला? पाणी देवाकडं जाईल," चिमाजी म्हणाला.

"मंग वाईट काय हाय त्यात? देवाकडंच जाऊ दे."

"देवाला पवायला शिकवावं लागंल."

ऐकणाऱ्या दोघा-चौघांना हसू आलं. तेवढ्यावर सावळारामनं चिमाजीच्या हातातली थापी काढून घेतली आणि त्याला दार दाखवलं. उरलेली फरशी त्यानं एकट्यानं बसवली. सांधे इतके सुबक भरले की बघणाऱ्यानं बघत राहावं. उतारही चांगला ठसठशीत काढला. चिमाजीचा पाय त्यानंतर या घराला लागला नाही.

लग्नघरात पहिल्याच पूजेला कुणाच्या तरी हातून तांब्या कलंडला. पाणी सगळ्यांच्या देखत पाटाखालून, परातीखालून सरळ देव्हाऱ्यापुढं जाऊन थांबलं. पाव्हणे गप्प. सावळाराम दाराबाहेर काहीतरी बघत उभा. तेव्हा ठकूबाईच पदर सावरत म्हणाली, "बघा गं बाई, गंगाच देवाच्या भेटीला आली!"

सगळे हसले, कार्य पुढं सरकलं. त्या एका वाक्यानं नवऱ्याची लाज राहिली आणि ठकूबाईचे गुडघे कामाला लागले.

आरतीनं एकदा बाजारातून दांड्याचं फडकं आणलं होतं, उभ्यानं पुसायचं. सावळारामनं ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "ह्ये कशापायी?" एवढंच विचारलं. संध्याकाळी फडकं माळ्यावर गेलं. त्या कोपऱ्याकडं ठकूबाई सुनेला फिरकूही देत नसे. तरणी पोर, एखाद दिवशी पुसता पुसता बोलून जायची.

त्या सकाळी पोतेरं पिळून ठकूबाई उठायला लागली तर उजवा गुडघा वाकतो म्हणेना, सरळ होतो म्हणेना. कोठीच्या आड जाऊन तिनं लुगडं वर घेतलं. गुडघ्याच्या वाटीवर जणू दुसरी वाटी पालथी घातली होती. बोटानं दाबलं तर भरलेल्या पखालीसारखं मऊ लागलं. दुखलंही.

तिनं लुगडं खाली सोडलं आणि चहा प्यायला आली.

"काय झालं आत्या? लंगडताय."

"पायाला मुंग्या आल्यात."

भिमाजी तिचा थोरला भाऊ. त्याच्याही गुडघ्यापाशीच गाठ आली होती. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, मग पुण्याच्या दवाखान्यात पाय मांडीपासून काढला. एवढं करूनही पुढची दिवाळी त्याला दिसली नाही. शेवटचे दिवस ठकूबाईनंच त्याच्या तोंडात घास घातले होते. या घरात त्याचा फोटो होता, त्याच्याबद्दल बोलणं होतं, पण त्याच्या पायाचा विषय नव्हता. ठकूबाईनं चहा फुंकून प्यायला आणि गाठ मऊ आहे, भिमादादाची दगडासारखी होती, असं मनाला दोनदा बजावलं. मन काही ऐकेना.

*

कांद्याच्या लागणीचे दिवस. पाटाला पाणी सुटलेलं. आळीतल्या बायांची सावड होती. आज कुशाबाईच्या रानात, मग गेणभाऊच्या, मग ठकूबाईच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. जी बाई चुकली तिच्या रानात बाया येत नाहीत. तसं तोंडानं कुणी म्हणत नाही, नेमकं त्या दिवशी एकेकीला घरी काम निघतं. ठकूबाईचं रोप वाफ्यात कमरेत मोडायला आलं होतं. आणखी आठवडाभर राहिलं तर कांदा पोसायचा नाही, नुसता डेंगळा, फुलाचा दांडा, धरायचा. त्यामुळं सावडीला जाणं भागच होतं.

थंडीचं पाणी, गार चिखल. बाया ओळीनं उकिडव्या बसल्या आणि हात चालू झाले. ठकूबाई बसायला गेली तर गुडघ्यावरची कातडी ढोलकीसारखी ताणली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं पाय लांब केला आणि चिखलातच फतकल मारली. लुगड्यातून गारठा वर चढला. हात पुढं पोचेना, ओळ वाकडी जायला लागली.

कुशाबाईनं दोन वाफे बघितलं. लहानपणापासूनची शेजारीण, तोंडाची फटकळ आणि हाताची उदार.

"ठके, काय गं पाव्हणीसारखी पाय पसरून बसलीस? ऊठ. बांधावर जा आन् रोपाच्या जुड्या दे."

जुड्या द्यायचं काम शाळकरी पोरींचं, नाहीतर ज्यांना दिसत नाही अशा म्हाताऱ्यांचं. ठकूबाई बांधावर जाऊन बसली. एका पोरीनं तिला आपली पाण्याची बाटली धरायला दिली. तिला बाटलीचा राग आला. पोरीचा आला नाही.

दुपारच्या भाकरीला कुशाबाईनं तिला झाडाआड नेऊन लुगडं वर करायला लावलं.

"अगं बया! आन् गप ऱ्हायलीस?"

"तू बी गप ऱ्हा."

"वात हाय. वातानं पाणी धरलंय. बिब्बा घालू, उद्या उतरंल."

संध्याकाळी कुशाबाईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल गुडघ्यावर गोलगोल काढलं. जीव जाईतो आग झाली. "आग व्हती म्हंजी गुण येतोय," कुशाबाई म्हणाली. ठकूबाईनं दात दाबून गुण येऊ दिला.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. कातडीला फोड आले, ते फुटले. गुडघा तांबडा-लाल झाला, हात लावला तर चुलीच्या अंगासारखा गरम. सावडीचा तो दिवस गेणभाऊच्या रानात तिनं बांधावरच काढला. रात्री अंगात कणकण होती. तरी सकाळी पाणी देव्हाऱ्याखाली आलंच होतं. तिनं पोतेरं घेतलं, डाव्या गुडघ्यावर भार टाकून कॉटखाली शिरली, आणि मग ना पुढं जाता येईना ना मागं.

"आरती," तिनं हळूच हाक मारली, "जरा मला वढ गं."

आरतीनं सासूला काखेत धरून बाहेर ओढलं. लुगडं आपोआपच वर सरकलं होतं.

"आई गं! मामा, ओ मामा, इकडं या!"

सावळाराम गोठ्यातून शेणाच्या हातानं आला, दारात उभा राहिला. त्यानं बायकोचा गुडघा बघितला. मग तिच्या हातातलं ओलं पोतेरं बघितलं. मग बाहेर अंगणात बघितलं.

"कवापासनं?"

"झालंय जरासं. वात हाय."

"बिब्बा कुनी घातला?"

"मीच."

"तुला घालता येतो?"

ठकूबाईनं लुगडं गुडघ्यावर ओढलं. सावळारामनं हात धुतले. धुताना मोरीत पाणी सांडू नये म्हणून तो आज अंगणात जाऊन हात धुतोय, हे तिच्या ध्यानात आलं. पण अंगात ताप होता, तिला वाटलं भास झाला असेल.

*

मंचरच्या जीपमध्ये सावळारामनं ड्रायव्हरला सांगून तिला पुढची जागा मिळवून दिली. मागं आरतीसकट चौदा माणसं कोंबलेली. ठकूबाईला पुढं बसायची सवय नव्हती, तिनं सगळ्या वाटभर दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

मंचरला डॉक्टरीणबाई अजून आल्या नव्हत्या. घेवरचंद शेठनी ठकूबाईला दुकानाच्या मागं घरात बसायला सांगितलं. शेठचं मूळ गाव मारवाडातलं, पण तीन पिढ्या मंचरात. बोलणं असं की डोळे मिटून ऐकलं तर कुणी अवसरीचाच म्हणावा. त्यांच्या बायकोनं, गुलाबबाईनं, पाणी दिलं आणि लंगडणं बघून विचारलं, "काय झालं, ठकूबाई?"

बायकांत लाज कसली. ठकूबाईनं गुडघा दाखवला. गुलाबबाई चष्मा लावून वाकल्या.

"हे तर माझं दुखणं! तुमच्याकडं कधी गेलं?"

"तुमाला?"

"मला नाही तर कुणाला? चातुर्मासात देरासरात, आमच्या मंदिरात, किती खमासमणे दिले! खमासमणा म्हणजे दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि कपाळ, पाचही टेकायचं जमिनीला. उठायचं, परत टेकायचं. खाली संगमरवर. देव प्रसन्न झाला की नाही ठाऊक नाही, गुडघा मात्र फुगला. अस्साच. फक्त मी असलं काही लावलं नव्हतं," त्यांनी बिब्ब्याच्या डागाकडं बोट केलं.

ठकूबाईनं इकडं-तिकडं बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"मंग... काढावा लागला का?"

"काय?"

"काय न्हाई."

गुलाबबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग आपलं नीट पिनांनी लावलेलं पाचवारी पातळ घोट्याच्या वर उचललं आणि दोन्ही पाय तिच्यापुढं आपटून दाखवले. "हे काय, दोन आहेत ना?"

ठकूबाईला हसायला आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते तापावर ढकललं.

*

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. ठकूबाईला टेबलावर झोपवून त्यांनी आधी चांगला गुडघा चाचपला, मग दुखरा. पाय हळूहळू वाकवला, हळूहळू सरळ केला. सूज दोन बोटांत धरून इकडून तिकडं हलवून बघितली. आरती भिंतीला टेकून उभी, सावळाराम दाराजवळ टोपी हातात धरून.

"सांधा आतून चांगला आहे, मावशी. सूज सांध्यात नाही, वाटीच्या वर आहे. ही बघा, हलते. तरी एक फोटो काढू, म्हणजे तुमच्या मनातलं जाईल."

आपल्या मनातलं हिला कुणी सांगितलं, असं ठकूबाईला वाटलं. फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो काचेवर लावून बघितला. हाडाला काही नव्हतं.

"कापावं लागायचं न्हाई ना?" ठकूबाई बोलून गेली. बोलली आणि मग भिंतीकडं तोंड केलं. "माझ्या भावाचा पाय काढला व्हता. गुडघ्याचंच व्हतं."

सावळारामची टोपी हातात चुरगळली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "त्यांचा आजार वेगळा, हा वेगळा. ती गाठ हाडाची असते. ही गाठच नाही, पाणी आहे. वाटी आणि कातडी यांच्यामधे एक पातळ पिशवी असते, रिकामीच असते. गुडघा टेकून टेकून ती सारखी घासली गेली की चिडते आणि पाणी धरते. वर बिब्ब्यानं कातडी भाजली, तिथून जंतू शिरलेत, म्हणून ताप आणि लाली. ते जास्त काळजीचं. पाय काढायचा विषयच नाही."

ठकूबाईनं डोळे मिटले. छातीवरचं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. किती दिवस ते जातं घेऊन ती रांगत होती, हे ते उचलल्यावर कळलं.

"बैलाला खांदा येतो, तसं म्हना की," दारातून सावळाराम म्हणाला. खोलीत आल्यापासूनचं त्याचं पहिलं बोलणं.

डॉक्टरीणबाई वळल्या. "म्हणजे?"

"जू घासून घासून बैलाच्या मानंवर सूज येती. पाण्याची. हाताला अशीच लागती."

"अगदी तसंच. मग तुम्ही काय करता?"

"जू उतरवायचं. सूज जाईस्तवर बैल औताला धरायचा न्हाई." त्यानं बायकोच्या गुडघ्याकडं बघितलं. "आन् जू तपासायचं. त्येच वाकडं असतं बहुतेक. ते तासून घ्यावं लागतं. बैलाचा दोष नसतो."

"मग तुम्हाला मी काय सांगू?" डॉक्टरीणबाई हसल्या आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, गुडघे टेकून कोणतं काम करता?"

"कांदा लावती," सावळाराम घाईनं म्हणाला.

"कांदा उकिडवं बसून लावतात, काका. मी पण इथलीच आहे. गुडघे टेकून काय करता?"

आरती पंख्याकडं बघायला लागली. पंखा बंद होता. सावळाराम टोपीच्या आतली शिवण तपासत होता. ठकूबाईनं दोघांकडं बघितलं आणि तिला गुलाबबाई आठवल्या.

"देवाफुडं बसते," ती म्हणाली.

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"भारीच भक्ती आहे तुमची! पण देवाला सांगा, आता खुर्चीवरून नमस्कार घ्यायचा. गुडघे परत टेकलेत तर हे परत येईल, आणि दर वेळी इतक्या सोप्यात सुटणार नाही."

सुईनं त्यांनी पाणी काढलं. पिवळट, जरासं गढूळ. पू नव्हता. थोडं बाटलीत घालून तपासायला ठेवलं. जखम धुऊन पट्टी बांधली, ताणाची पट्टी कशी गुंडाळायची ते आरतीच्या हातून करून घेतलं. गोळ्या दिल्या, त्या ताप गेला तरी मधेच सोडायच्या नाहीत. पाय उशीवर उंच ठेवायचा. कातडी भरून आली की थंड पाण्याच्या घड्या. दोन दिवसांत ताप हटला नाही, लाली वर चढली, तर वेळ न बघता यायचं. आणि बिब्बा? "बिब्बा लाडवात घाला, मावशी."

परत दुकानात चहाला थांबले. ठकूबाई आत गुलाबबाईंजवळ. मधल्या पडद्यातून पुढचं बोलणं ऐकू येत होतं.

"शेठ," सावळाराम म्हणत होता, "तुमी ते मागं ईशान्येचं बोलला व्हता..."

"हो हो. उतार ईशान्येला. आपल्या अंगणाचा तसाच आहे. पावसाचं पाणी बघ कसं सरळ त्या बाजूनं—"

"अंगणाचा?"

"मग? घरातला उतार मोरीकडं—" इथं ठकूबाईचं उतरलेलं तोंड बघून गुलाबबाई आतून मोठ्यानं खोकल्या. शेठ थांबले. बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"साखर कमी आहे का, सावळाराम?" शेठनी विचारलं.

"न्हाई, न्हाई. ब्येस हाय."

निघताना गुलाबबाई ठकूबाईच्या कानाशी लागल्या. "डॉक्टरीणला काय सांगितलंत, ते सून सांगत होती मघाशी. तुम्ही कधीपासून खमासमणे द्यायला लागलात?"

"तुमचाच देव उसना घेतला जरा येळ," ठकूबाई म्हणाली.

*

तिसऱ्या दिवशी घाम फुटून ताप उतरला. लाली पट्टीच्या आत आत सरकली. बाटलीतल्या पाण्यातही काही वाईट निघालं नाही, असा निरोप मंचरहून आला. ठकूबाई कॉटवर पडून छताचे वासे मोजायची सोडून झोपायला लागली. अशी दिवसाढवळ्या झोप तिला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच लागत होती.

कुशाबाई आली ती दारातच उभी राहिली. "माझ्यामुळं झालं ना गं?"

"तुझ्यामुळं तापलं. झालं व्हतं आधीच."

"कशानं?"

"देवाफुडं बसून."

कुशाबाईनं कॉटखाली बघितलं, देव्हाऱ्याकडं बघितलं, मोरीकडं बघितलं. "हां," ती म्हणाली. "दिसतंय."

पण सावडीचं काय? कुशाबाईच्या नि गेणभाऊच्या रानात ठकूबाई दोन्ही दिवस बांधावरच बसली होती. ते दिवस धरायचे की नाही, हे बाया बोलत नव्हत्या. आणि बाया बोलत नाहीत तेव्हाच घाबरायचं असतं. रोप तर वाफ्यात लोळत होतं.

सकाळी सावळाराम धोतर खोचून, खुरपं न घेता निघाला.

"कुटं?"

"कुशाबाईच्या ऱ्हायलेल्या वाफ्यात. सावड फेडायला."

"आवं, बायांची सावड हाय ती!"

"मंग? कांद्याला कळतंय का, बाई लावती का बाप्या?"

जे झालं ते आरतीनं घरी येऊन साग्रसंगीत सांगितलं. सावळाराम बायांच्या ओळीत उकिडवा बसला. बाप्यामाणूस ओळीत आल्यावर बायांची गाणी बंद, पदर डोक्यावर. मग हळूहळू पदर उतरले आणि तोंडं सुटली. कुणी म्हणालं, भावजी, नथ घालायची ऱ्हायली. कुणी म्हणालं, हळदीकुंकवाला या. त्याची ओळ सारखी एका अंगाला जात होती. शेवटी कुशाबाई ओरडली, "आवं सावळाभावजी, रोप सरळ लावा की! तुमचं समदं देवाकडंच झुकतंय!"

"आन् मंग?" ठकूबाई उठून बसली.

"मंग काय, आत्या. समद्या गप. चिखलात हात घालून बसल्या. कुशाआत्यांनी जीभ चावली."

"आन् ह्ये?"

"मामांनी ते रोप उपटलं आणि सरळ लावलं."

दोन दिवस त्यानं फेडले. तिसऱ्या दिवशी ठकूबाईच्या रानात एकूण एक बाई हजर होती. कुणाच्या घरी काहीच काम निघालं नव्हतं. खोकला झालेली गेणभाऊची सूनसुद्धा आली. ठकूबाई कॉटवरून दारासमोरच्या रानातल्या त्या ओणव्या पाठी बघत राहिली, आणि संध्याकाळी रान हिरव्या टाक्यांनी शिवल्यासारखं झालं.

पण कोपऱ्यात पाणी येतच होतं. आरतीला तिनं जाऊ दिलं नव्हतं, आणि कोपरा तर रोज कोरडा. ठकूबाईला कोडं पडलं. एका पहाटे चाहूल लागून तिनं कॉटवरून खाली वाकून बघितलं. सावळाराम तिच्या अंगाखाली, कॉटच्या तळाशी, दोन्ही गुडघे टेकून पाणी टिपत होता. पोतेरं कसं पिळायचं ते त्याला येत नव्हतं, निम्मं पाणी परत फरशीवरच पडत होतं. आणि तो पुटपुटत होता,

"तुला भाईरची वाट म्हाईत न्हाई व्हय गं..."

ठकूबाईनं गुपचूप मान वर घेतली आणि भिंतीकडं तोंड करून पदर तोंडात कोंबला. हसू होतं का काय होतं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. कॉटखालून उठताना तो कण्हला आणि बराच वेळ कोठीला धरून गुडघा चोळत उभा राहिला.

त्या दिवशी न्याहारी न करता तो बाहेर पडला. परत आला तेव्हा मागं चिमाजी होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, डोक्यावरचे केस आता पांढरे. तो उंबऱ्यापाशी थबकला. आरतीनं त्याला सासऱ्याच्या लग्नातल्या फोटोतच बघितलं होतं, तरी तिनं लगबगीनं पाणी दिलं.

"वैनी, पाय कसा हाय?"

"ब्येस हाय. या की आत, चिमाभावजी."

चिमाजी आत आला. फरशीवर नजर न टाकता उभा राहिला. गवंडी असून फरशीकडं न बघणं किती अवघड असतं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"काय काम काढलंय, दादा?"

सावळारामनं घसा साफ केला. "मोरीचं भोक बारीक हाय."

चिमाजी मोरीशी वाकला. "ब्येस मोठं हाय की."

"मंग उंबरा बुटका हाय."

"उंबरा वाढवला तर वैनीला पाय उचलावा लागंल."

"तर मंग तिकडच्या कोपऱ्यात एक भोक पाडू. भाईर."

"देवाखालनं?" चिमाजीनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "पलीकडं कुशावैनीची चूल हाय."

आरतीनं हातातली वाटी चार वेळा पुसली. ठकूबाई कॉटवर पाय उशीवर ठेवून बसली होती. मग चिमाजीनं कळशीतून तांब्या भरून घेतला आणि मोरीच्या कडेला ओतला.

पाणी निघालं. कुणाची घाई न करता, वाट पाठ असल्यासारखं, ते चुलीपुढून गेलं, सावळारामच्या अंगठ्याला वळसा घालून कॉटखाली शिरलं, कोठीला भिडलं आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन थांबलं. चौघं ते बघत राहिले. लग्नघरातल्यासारखीच शांतता. ठकूबाईची जीभ सवयीनं हलली.

"गंगाच देवाच्या—"

"तू गप," सावळाराम म्हणाला. रागानं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, ती कॉटवर तिच्या पायाजवळ ठेवली, आणि चिमाजीकडं बघत, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला,

"गंगाबिंगा काय न्हाई ती. उतार चुकलाय. माझ्या हातनं चुकलाय, आन् मला पैल्याच दिशी कळलं व्हतं."